स्वस्तातली अ‍ॅडव्हेंचर बाईक: कच्च्या वाटेसाठी गाडी आणि रायडर कसे तयार करावेत

नवी अ‍ॅडव्हेंचर बाईक ताब्यात आली की लगेच सामानाची यादी वाढू लागते. क्रॅश गार्ड, जोडदिवे, बाजूच्या पेट्या, उंच काच, वेगळा सायलेन्सर. यातल्या बहुतेक गोष्टी गाडीचं वजन वाढवतात, आणि कच्च्या रस्त्यावर नवख्या रायडरला सगळ्यात जास्त नडतं ते वजनच. म्हणून माझा क्रम असा आहे: आधी अंगावरचं संरक्षण, मग टायर आणि हवा, मग गाडी आपल्या अंगाला बसती करणं, मग पडल्यावर मोडेल ते वाचवणं. बाकी सगळं त्यानंतर, आणि तेही एखादी अडचण प्रत्यक्ष दोन-तीनदा आडवी आल्यावरच.

गाडी घेताना काय बघावं

जाहिरातीतली अश्वशक्ती बाजूला ठेवा. कच्च्या वाटेवर उपयोगी पडतात त्या गोष्टी म्हणजे वजन, सीटची उंची, पुढच्या चाकाचा व्यास, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (ते वर-खाली किती हलतं ते अंतर) आणि पोटाखालची मोकळी जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. २१ इंची पुढचं चाक दगडाला किंवा खड्ड्याच्या कडेला कमी तिरकस कोनात भिडतं, त्यामुळे अडकण्याऐवजी वर चढतं. तारांची चाकं जोरात आपटली तर वाकतात आणि सरळ करता येतात. अलॉय चाकाला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेला की प्रवास तिथेच थांबतो.

उदाहरणं घ्यायची तर २०१६ मध्ये आलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. पुढे २१, मागे १७ इंची चाक, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि ८०० मिमी सीट. पाय सहज टेकतात, लांब पल्ल्याला गाडी शांत चालते, पण वजन जवळपास २०० किलो. २०१९ ची हिरो एक्सपल्स २०० वजनाला १६० किलोच्या आत बसते आणि मागचं चाक १८ इंची आहे, ज्यासाठी ऑफ-रोड टायर जास्त प्रकारचे मिळतात. हायवेवर मात्र तिची दमछाक लवकर होते. होंडा सीआरएफ ३००एल आणखी हलकी, साधारण १४२ किलो, पण सीट ८८० मिमी उंच. तिन्हींतली कुठलीही चुकीची नाही. कच्चा रस्ता तुम्हाला नवीन असेल आणि एकट्याने फिरायचा विचार असेल तर मी वजनाने कमी असलेली सुचवेन, कारण पडलेली गाडी तुम्हालाच उचलायची आहे.

जुनी गाडी घेत असाल तर रंग आणि स्टिकर बघण्यात वेळ घालवू नका. खाली वाकून इंजिनचं पोट आणि फ्रेमच्या खालच्या नळ्या बघा, तिथे चेपलेल्या खुणा दिसतील. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, चकचकीत नळीवर तेलाची कडी आहे का ते तपासा. पुढचं चाक हवेत उचलून हॅण्डल हळूहळू फिरवा. मधोमध कुठे खाच लागल्यासारखं अडकलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले समजा. मग एअर फिल्टर काढून, फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूने बोट फिरवा. बोटाला बारीक रेती लागली तर ती धूळ पिस्टनपर्यंत पोचलेली आहे. अशी गाडी कितीही चमकत असली तरी सोडून द्या.

पहिला खर्च स्वतःवर

कच्च्या रस्त्यावर पडणं वेग कमी असताना होतं, पण वारंवार होतं. पाय गाडीखाली सापडणं, घोटा मुरगळणं, गुडघा दगडावर आपटणं या इथल्या नेहमीच्या दुखापती. त्यामुळे हेल्मेटनंतर सगळ्यात आधी बूट घ्या: घोट्याच्या वर जाणारे, नडगीला कडक कवच असलेले, तळवा सहज न वाकणारे. ट्रेकिंगचे बूट हे काम करत नाहीत, गाडीच्या वजनाखाली ते पिळवटतात. त्यानंतर गुडघ्याचे गार्ड, हातमोजे, आणि छाती-पाठ-कोपर झाकणारं जॅकेट किंवा आर्मर. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं. धुळीत खूप वेळ जाणार असेल तर गॉगल बसेल असं ऑफ-रोड हेल्मेट बरं पडतं, कारण उभं राहून कष्ट करताना बंद काचेवर वाफ धरते.

पैसे कमी असतील तर गाडीचं सगळं सामान पुढे ढकला, पण बूट नाही.

टायर आणि हवा

एकाच बदलाला पैसे असतील तर टायर बदला. कंपनीकडून येणारे टायर बहुधा डांबरी रस्त्याला झुकतं माप देणारे असतात. रोजच्या वापराबरोबर आठवड्यातून एकदा मातीत जाणाऱ्याला निम्मे-निम्मे गुण असलेले, मोठ्या ठोकळ्यांचे टायर पुरतात. पूर्ण नॉबी, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांचे, टायर चिखलात सुंदर पकड देतात, पण ओल्या डांबरावर घसरतात आणि लवकर झिजतात. बजेट कमी असेल तर आधी पुढचा बदला. मागचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळतो, पुढचं घसरलं तर बहुतेक वेळा आपण जमिनीवरच असतो.

टायर बदलायच्याही आधी एक गोष्ट फुकटात करता येते: हवा कमी करणं. कंपनीने सांगितलेली हवा डांबरासाठी असते. खडी आणि मुरमाच्या वाटेवर ट्यूबवाल्या टायरमध्ये २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरलात तरी फरक हाताला जाणवतो. टायर दगडावरून उडण्याऐवजी त्याला धरून चालतो. खोल वाळूत १५ ते १८ पर्यंत जाता येतं, पण त्या हवेवर दगडात घुसू नका. टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चिमटली जाऊन तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. डांबरावर परतलात की हवा पुन्हा भरा. त्यासाठी छोटा पंप आणि प्रेशर गेज कायम जवळ असू द्या, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका.

हवा कमी असताना जोरात ब्रेक किंवा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दिला की टायर रिमवर सरकतो आणि आतल्या ट्यूबला ओढून नेतो. व्हॉल्व्हवरची बारीक गोल नट रिमला घट्ट आवळून ठेवली असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. ती नट रिमवर न आवळता वर सरकवून टोपणाला टेकवून ठेवा. मग दर थांब्यावर नुसती नजर टाकली तरी पुरे. व्हॉल्व्ह तिरका दिसला की टायर सरकतोय हे कळतं. नेहमीच कमी हवेवर चालवणार असाल तर रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) बसवून घ्या, आणि जाड ट्यूब घाला.

उभं राहून चालवता यावं म्हणून

ऑफ-रोड रायडिंगचा निम्मा भाग उभं राहून असतो. उभं राहिलं की आपलं वजन सीटवरून फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) जातं, गाडी खाली मोकळी हलते आणि गुडघे-कोपर धक्के पचवतात. पण कंपनीने गाडी बसून चालवण्याच्या हिशेबाने जुळवलेली असते. म्हणून दुरुस्ती इथून सुरू करा, आणि बरीचशी दुरुस्ती एका पान्याने होते.

गाडी मुख्य स्टँडवर घ्या किंवा कुणाला तरी धरायला सांगा. बूट घालून फूटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि डोळे मिटून हात सहज पुढे न्या. हात जिथे पडतात तिथे हॅण्डल आहे का? कंबरेतून वाकावं लागत असेल तर आधी हॅण्डलबार क्लॅम्पमध्ये थोडा पुढे फिरवून बघा. त्याने भागलं नाही तरच रायझर (हॅण्डल उंच करणारे ठोकळे) घ्या, आणि २० ते ३० मिमीपेक्षा उंच घेऊ नका. रायझर बसवल्यावर हॅण्डल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून क्लच केबल, थ्रॉटल केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते नीट बघा. वळणात थ्रॉटल केबल ताणली गेली तर गाडी आपोआप वेग घेते, आणि हे फार धोकादायक आहे.

मग लिव्हर. उभं असताना मनगट सरळ राहील इतके ते खाली फिरवा. क्लच आणि ब्रेक एका-दोन बोटांनी ओढता यावेत. लिव्हरच्या क्लॅम्पखाली हॅण्डलला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन स्क्रू बेताने आवळले, तर गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी जागेवर फिरतो. मागच्या ब्रेकचं पेडल आणि गिअर लिव्हरही जाड बुटांच्या हिशेबाने जुळवा. घोटा न वळवता पेडल दाबता आलं पाहिजे. फूटपेगवरचं रबर काढून टाका, ओल्या बुटाखाली ते साबणासारखं निसटतं. रुंद, दातेरी फूटपेग हा कमी खर्चात सुख देणारा बदल आहे.

सस्पेन्शन आधी मोजा

महागडे स्प्रिंग मागवण्याआधी सॅग मोजा, म्हणजे आपण बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. मागचं चाक हवेत उचला आणि ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग गाडी जमिनीवर घेऊन, अंगावर बूट-आर्मर आणि गाडीवर नेहमीचं सामान चढवून त्यावर बसा, आणि मित्राला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा. १७० मिमी ट्रॅव्हल असेल तर साधारण ५० मिमी, २०० असेल तर ६० च्या जवळ. फरक जास्त येत असेल तर मागच्या शॉकची प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायचा ते ठरवणारी) आवळा, कमी असेल तर सैल करा. प्रीलोड पूर्ण आवळूनही गाडी खाली बसत असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे आणि तो बदलणं योग्य.

बजेट गाड्यांच्या फोर्कला बहुधा बाहेरून काहीच जुळवता येत नाही. तिथे फोर्क ऑइल ताजं करणं किंवा जरा दाट घालणं हा पहिला उपाय. सस्पेन्शन उंच करणारे किट नवख्यांनी पहिल्या वर्षी टाळावेत असं माझं ठाम मत आहे. सीट वर जाते, पाय टेकत नाहीत, आणि नेमक्या ज्या हळू वेगात आधाराची गरज असते तिथे गाडी कलंडते.

पडणार हे धरून चालून

संरक्षणाच्या सामानात दोन गोष्टी आधी घ्या. पहिली, इंजिनखाली ॲल्युमिनियमची बॅश प्लेट. ऑइल फिल्टरच्या झाकणापर्यंत आणि एक्झॉस्टच्या पाइपपर्यंत झाकणारी हवी, आणि ऑइलचा बोल्ट उघडायला तिच्यात भोक असलं तर फार सोय होते. दुसरी, आतून धातूचा दांडा असलेले हॅण्डगार्ड. नुसते प्लॅस्टिकचे वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. रेडिएटर किंवा ऑइल कूलर उघडा असेल तर त्याला जाळी लावा.

क्रॅश गार्ड घेताना वजन विचारा, आणि तो फ्रेमला कुठे जोडला जातो तेही बघा. एकाच नाजूक बिंदूला जोडलेला जड गार्ड पडल्यावर फ्रेमचाच आटा ओढून काढतो.

सामानासाठी मऊ पिशव्या घ्या. ॲल्युमिनियमच्या पेट्या शहरात सोयीच्या, पण चिखलात पाय खाली टेकवला आणि गाडी पुढे सरकली की नडगी पेटीखाली सापडते. जड वस्तू खाली आणि पुढे बांधा, मागच्या रॅकवर फक्त हलकं सामान.

बाकीचं थोडक्यात. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दात्यांऐवजी १४ चं केलं तर गिअरिंग साधारण ७ टक्क्यांनी खाली येतं. हळू वेगात क्लच कमी घासावा लागतो, हायवेवर इंजिन थोडं जास्त फिरतं. खर्च कमी आणि उलटवता येणारा बदल, म्हणून करून बघण्यासारखा. जोडदिवे लावायचे तर रिले आणि फ्यूज घालूनच, मूळ वायरी कापून नाही. छोट्या गाडीची वीजनिर्मिती मर्यादित असते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मी कधीच सुचवणार नाही. त्याने चढ सोपा होत नाही, आणि ज्या वाटांवरून आपल्याला जाऊ दिलं जातं तिथली माणसं आणि जनावरं त्रासतात. वॉरंटी आणि विम्याच्या अटी मात्र कुठलाही बदल करण्याआधी वाचून घ्या.

मोकळ्या मैदानातला सराव

एवढं झालं की सामान घेणं थांबवा आणि माती असलेलं मोकळं मैदान शोधा.

पहिला धडा गाडी उचलण्याचा. इंजिन किल स्विचने बंद करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका म्हणजे चाक फिरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे जोर जास्त लागला तरी ती पलीकडे कोसळणार नाही. हॅण्डल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ सीटच्या कडेला टेकवून बसा, एका हाताने खालची ग्रिप आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरा, आणि पायांनी मागे रेटत छोटी पावलं टाका. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. उतारावर हॅण्डल खालच्या दिशेला पडलं असेल तर गाडी आधी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणा, अर्धं काम तिथेच होतं.

दुसरा धडा क्लच. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, उभं राहून सरळ जा. क्लच अर्धवट पकडीच्या जागी, थ्रॉटल स्थिर, वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. जमलं की दोन दगड ठेवून आठचा आकडा काढा. कच्च्यात हळू वळताना गाडी आत झुकते आणि शरीर बाहेरच्या बाजूला राहतं, वजन बाहेरच्या फूटपेगवर. नजर पुढच्या चाकावर नाही, वळणाच्या शेवटाकडे.

तिसरा धडा ब्रेक. मातीत पुढचा ब्रेक वापरू नये हा सल्ला तुम्हाला ऐकायला मिळेल, पण तो मानू नका. थांबवण्याची ताकद तिथेही पुढच्याच ब्रेकमध्ये असते, फक्त तो एका बोटाने, सरळ हॅण्डलवर, हळूहळू दाब वाढवत लावायचा. मागचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद होत असेल तर ते बंद करून मागचं चाक मुद्दाम लॉक करा आणि गाडी घसरताना कशी वागते ते ओळखीचं करून घ्या. चावी बंद-चालू केली की बहुतेक गाड्यांत एबीएस पुन्हा सुरू होतं, दर वेळी तपासा.

यानंतर छोटे चढ-उतार. चढाला वेग पायथ्याशीच घ्या आणि मध्ये गिअर बदलू नका. छाती हॅण्डलकडे न्या. मध्येच बंद पडली तर क्लच सोडलेला, गाडी गिअरमध्ये, पुढचा ब्रेक घट्ट, एवढ्यावर ती जागेवर उभी राहते. मग शांतपणे उतरा. उताराला पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच अजिबात ओढायचा नाही, कंबर मागे, आणि दोन्ही ब्रेक बोटाच्या टोकाने.

पाणी

ओढा ओलांडायचा असेल तर आधी पायी चालून जा. तळ कडक आहे का, मोठे दगड कुठे आहेत, प्रवाह पाय हलवतो का हे पायांना कळतं. नवख्याने चाकाच्या ॲक्सलपेक्षा खोल पाण्यात शिरू नये. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर.

गाडी पाण्यात पडली आणि बंद झाली तर स्टार्टर दाबण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढा, स्पार्क प्लग काढा, एअर बॉक्समधलं पाणी काढून फिल्टर पिळून घ्या. मग प्लगचं भोक स्वतःपासून लांब ठेवून स्टार्टर फिरवा, म्हणजे पाणी बाहेर फेकलं जाईल. ऑइलची काच दुधाळ दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोबत काय, आणि परतल्यावर काय

टायर लिव्हर, पंप, पॅच, गाडीच्या मापाचे पाने, क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर, चेनची जोडकडी, केबल टाय, चिकटपट्टी आणि धातू भरायची एपॉक्सी पुटी, एवढं पुरतं. एकच ट्यूब नेता येत असेल तर २१ इंची न्या. वेळ पडली तर ती मागच्या टायरमध्येही बसवून गाव गाठता येतं, मागची ट्यूब पुढे मात्र बसत नाही. जादा क्लच केबल चालू केबलच्या बाजूनेच टायने बांधून ठेवा. तुटली की नुसती टोकं बदलायची.

घरी आल्यावर गाडी धुवा, पण प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि स्टिअरिंगच्या खाली मारू नका, ग्रीस धुऊन निघतं. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल चोळून बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टकटक करत जा. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल झालेली बद्द आवाज देते. चेनचा ताण तुम्ही गाडीवर बसलेले असताना एकदा तपासा, कारण सस्पेन्शन दबल्यावर चेन सगळ्यात जास्त ताणली जाते आणि तेव्हाही तिच्यात थोडा सैलपणा उरला पाहिजे. शेवटी बॅश प्लेट, हॅण्डगार्ड आणि रॅक यांच्या बोल्टवर रंगाची एकेक रेघ मारून ठेवा, बोल्टवरून शेजारच्या धातूवर जाणारी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट काढा, निळं थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि पुन्हा आवळा.